मूल कोरं येत नाही

परदेशी दत्तक जाणारं मूल नव्या घरी पोचण्याच्या कितीतरी आधी त्याची फाइल तिथे पोचते. भारतातून जाणाऱ्या मुलाच्या फाइलीत दोन अहवाल महत्त्वाचे असतात. एकात मुलाची हकीकत, दुसऱ्यात वैद्यकीय तपासणी. वजन, उंची, डोक्याचा घेर, टोचलेल्या लसी, रक्ताच्या तपासण्या. सापडलेल्या मुलाच्या जन्मतारखेपुढे ‘अंदाजे’. सोबत एखादा फोटो, संस्थेच्या भिंतीपुढे उभं करून काढलेला, केस तेल लावून चापून बसवलेले. दूरच्या कुठल्याशा शहरात नवरा-बायको रात्री टेबलावर ती पानं पसरून बसतात आणि पाठ होईपर्यंत वाचतात. वजनाचे आकडे त्यांना डॉक्टर समजावून देतो. पण ‘अनोळखी माणसाला बिचकते’, ‘वरणभात आवडीने खाते’, ‘झोपताना चादरीचं टोक तोंडात धरते’ अशी एखादी ओळ सापडली, तर ती दोघं तिथेच थांबतात. त्या ओळीत त्यांना पहिल्यांदा आपलं मूल दिसतं.

मला ती ओळ फार मोलाची वाटते. संस्थेतल्या कुण्या बाईने या मुलीला झोपताना पाहिलंय, तिच्या तोंडात घास घातलाय, आणि तिच्या आवडीनिवडी कागदावर उतरवून ठेवल्यात. म्हणजे या मुलीला आधीचं आयुष्य आहे. दोन वर्षांचं असेल, दोन महिन्यांचं असेल, पण आहे. मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. आपण नवी मुळाक्षरं गिरवायची आणि आधीचं काही नव्हतंच असं समजायचं, हा समज गेल्या सत्तर वर्षांत परदेशी दत्तकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त दुखावून गेला आहे.

आपल्याला दत्तक ही गोष्ट नवी नाही. गादीला वारस हवा, पिंडदानाला मुलगा हवा, म्हणून भावाचा किंवा भाऊबंदांतला मुलगा मांडीवर घ्यायचा, ही चाल जुनी. इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून सातारा आणि झाशी खालसा केलं, ते शाळेत आपण सगळेच शिकलो. त्या दत्तकात मूल बहुतेक वेळा त्याच गोतावळ्यात राहायचं. भाषा तीच, कुलदैवत तेच, जन्मदात्री आई लग्नकार्यात समोर दिसायची. अनोळखी देशातलं, वेगळ्या वर्णाचं, वेगळ्या भाषेचं मूल विमानाने आणून आपलं करायचं, हा प्रकार अगदी अलीकडचा. तो मोठ्या प्रमाणावर सुरू झाला कोरियाच्या युद्धानंतर.

1953 मध्ये ते युद्ध थांबलं. अमेरिकन सैनिकांपासून कोरियन स्त्रियांना झालेली मुलं मागे राहिली, आणि बापाच्या नावावर कुळाची नोंद चालणाऱ्या त्या समाजात त्यांना जागा नव्हती. अमेरिकेत ऑरेगन राज्यात हॅरी आणि बर्था होल्ट हे शेतकरी जोडपं राहत होतं. त्यांना स्वतःची सहा मुलं होती. तरी 1955 मध्ये त्यांनी कोरियातून आठ मुलं आणली. एवढी मुलं आणायला कायद्यात वाट नव्हती, म्हणून अमेरिकन संसदेने त्यांच्यासाठी खास कायदा केला. त्यांचं बघून इतरांनी मुलं मागितली. सुरुवातीच्या वर्षांत पालकांनी कोरियात पाऊलही न ठेवता, मुखत्यारामार्फत, मुलं दत्तक घेतली आणि विमानतळावर जाऊन उतरवून घेतली. होल्ट दांपत्याच्या मनात मुलांविषयी कळवळा होता, यात मला शंका नाही. पण त्या कळवळ्यातून उभी राहिलेली व्यवस्था पुढे कशी वाढली, ते पाहिलं की मन सुन्न होतं. युद्धातली मुलं मोठी झाली, संपली. मुलं जायची मात्र थांबली नाहीत. आता जाऊ लागली ती गरिबांची आणि बिनलग्नाच्या आयांची. देश कारखाने उभारत होता, निर्यात वाढत होती आणि 1985 या एकाच वर्षात आठ हजारांहून जास्त मुलं परदेशी गेली. 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकन पत्रकारांनी याबद्दल लिहिलं, तेव्हा सरकारला लाज वाटली आणि आकडा खाली आला. आतापर्यंत गेलेल्या मुलांची संख्या दोन लाखांच्या घरात सांगितली जाते.

कागदांचं काय होत होतं ते बघा. कोरियात प्रत्येक माणसाची नोंद कुटुंबाच्या नोंदवहीत असायची. परदेशी पाठवायच्या मुलासाठी नवी नोंद उघडायची, त्यात ते एकटंच. आई नाही, बाप नाही, भावंड नाही. ‘अनाथाची नोंद’ असंच तिला म्हणत. आईबाप जिवंत असले, आजीने चार दिवसांसाठी मूल संस्थेत ठेवलं असलं, तरी कागदावर ते कुणाचंच नसायचं. अमेरिकेच्या व्हिसासाठी अनाथच मूल लागायचं, म्हणून अनाथ तयार केलं जायचं.

डीअ‍ॅन बोर्शे लीम या चित्रपटकर्तीची गोष्ट यात बसते. 1966 मध्ये, आठ वर्षांची असताना, ती कॅलिफोर्नियातल्या एका घरी पोचली. त्या घरच्यांनी ‘चा जुंग ही’ नावाच्या एका मुलीला पैसे पाठवले होते, पत्रं लिहिली होती, आणि शेवटी तिलाच दत्तक मागितलं होतं. पण खऱ्या चा जुंग हीला तिचे वडील अनाथाश्रमातून घरी घेऊन गेले होते. कागद तयार होते, तिकीट तयार होतं, म्हणून तिच्या जागी दुसरी मुलगी पाठवली आणि तिला बजावलं, आपण कोण ते सांगायचं नाही. इंग्रजी येऊ लागल्यावर मुलीने नव्या आईला सांगितलं की मी ती नाही, माझी आई कोरियात आहे. आईने प्रेमाने कागद दाखवले. आई बाळंतपणात गेली, वडील युद्धात गेले, असं त्यात छापील होतं. मुलीला वाईट स्वप्न पडलं असेल, असं त्या माउलीला वाटलं. हळूहळू मुलीलाही तसंच वाटू लागलं. मोठेपणी तिने शोध घेतला तेव्हा कळलं, तिचं नाव कांग ओक जिन, आणि तिची आई जिवंत होती. यात अमेरिकन आईबापांनी कुठेही दुष्टपणा केला नव्हता. त्यांनी फक्त मुलीपेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवला.

मार्च 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने अशा तक्रारींचा तपास करून सांगितलं, की बनावट नोंदी झाल्या, मुलांची अदलाबदल झाली, आईबापांची नीट संमती घेतली गेली नाही, आणि सरकारने या सगळ्याकडे डोळेझाक केली. तक्रार करणारी अनेक माणसं आता पन्नाशी-साठीची आहेत. काहींच्या वाट्याला तर आणखी एक घाव आला. अमेरिकेत वाढलेल्या काही दत्तक मुलांसाठी पालकांनी नागरिकत्वाचा अर्ज करायचंच राहून गेलं. 2000 साली आपोआप नागरिकत्व देणारा कायदा झाला, पण तो लागू झाला तेव्हा अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. काहींना चाळिशीत, ज्या देशाची भाषा येत नाही त्या देशात परत पाठवण्यात आलं.

भारतात हा प्रश्न न्यायालयाच्या दारात गेला तो एका पत्रामुळे. 1982 मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांची आबाळ होते, पैशांचे व्यवहार होतात, अशा बातम्यांकडे त्यांनी लक्ष वेधलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. तेव्हा परदेशी माणसाला भारतीय मूल इथे दत्तक घेता येईल असा कायदाच नव्हता. 1956 चा दत्तक कायदा हिंदूंपुरता. म्हणून 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याखाली परदेशी जोडपं मुलाचं पालक व्हायचं, मुलाला घेऊन जायचं आणि आपल्या देशातल्या कोर्टात दत्तक घ्यायचं. मधल्या काळात मूल ना इथलं, ना तिथलं. 1984 मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निकालाने या वाटेवर एकेक चौकी बसवली. आधी भारतातच घर शोधायचं. परदेशी जोडप्याची त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेने घरी जाऊन चौकशी करायची. मुलाच्या बदल्यात पैसे नाहीत. आईने दडपणाखाली मूल सोडलेलं नाही, याची खात्री करायची. 1990 मध्ये केंद्र सरकारने दत्तकासाठी संस्था स्थापन केली. तिला आज सगळे ‘कारा’ म्हणूनच ओळखतात. परदेशी दत्तकाविषयीच्या 1993 च्या हेग कराराने जगभर हेच तत्त्व मान्य केलं: आधी जन्मदात्या कुटुंबात, नाहीतर आपल्या देशात, आणि तेही जमलं नाही तर परदेशात. भारताने 2003 मध्ये त्याला मान्यता दिली.

आजच्या नियमांतली एक तरतूद मला सगळ्यात माणुसकीची वाटते. आईने मूल बालकल्याण समितीपुढे सोपवलं, तर तिला पुन्हा विचार करायला साठ दिवस मिळतात. त्या दिवसांत ती येऊन म्हणू शकते, माझं बाळ मला परत द्या. कोरियातल्या कितीतरी आयांना असे साठ दिवस कधी मिळाले नाहीत.

पण नियम केले म्हणून सगळं सुरळीत झालं, असं नाही. महाराष्ट्रातल्या संस्थांवरही पैसे घेऊन मुलं परदेशी दिल्याचे आरोप झाले, प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली. दुसरीकडे आज भारतातून परदेशी जाणारी मुलं थोडी आहेत. 2023-24 मध्ये ती 449 होती, देशातल्या देशात दत्तक गेलेली साडेतीन हजार. या 449 मुलांत कोण असतं, हे आपण मान खाली घालून ऐकावं असं आहे. आपल्याकडच्या जोडप्यांना तान्हं, निरोगी बाळ हवं असतं आणि त्यासाठी ती वर्षानुवर्षं रांगेत थांबतात. सहा-आठ वर्षांची मुलं, ताटातूट होऊ नये अशी भावंडं, हृदयाला छिद्र असलेलं, कमी ऐकू येणारं, पाय अधू असलेलं मूल, यांना इथे घर मिळत नाही. त्यांच्यासाठी आई शोधायला फाइल समुद्रापार जाते.

आता ते मूल घरी पोचलं आहे, असं समजू. खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि आईबाप सगळ्यात जास्त गोंधळतात तेही इथेच. तीन वर्षांची मुलगी. कालपर्यंत एका मोठ्या खोलीत वीस मुलांच्या श्वासात झोपणारी, आज तिला एकटीला खोली दिली आहे, भिंतीवर ढग रंगवलेत. ती रात्रभर डोळे उघडे ठेवून पडून राहते. तिच्या अंगाला दुसऱ्याच देशातली रात्र ठाऊक आहे, शिवाय एवढी शांतता तिने कधी ऐकलेली नाही. जेवायला बसली की पोट भरलं तरी थांबत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या उशीच्या अभ्र्यात पावाचे तुकडे सापडतात. संस्थेत वाढलेल्या मुलांच्या बाबतीत अन्न लपवण्याची ही सवय पुष्कळ पालकांना भेटते. रागावून ती जात नाही. जाणते आईबाप मुलीच्या हाताला येईल असा एक डबा ठेवतात, कधीही उघडावा, तो कधीच रिकामा नसतो. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, मुलगी डबा उघडायची विसरते.

रडणारं मूल पाहून जीव तुटतो, पण न रडणारं मूल जास्त काळजीचं. कुणीच येत नाही हे ज्या बाळाला कळलंय, ते हाक मारायची सोडून देतं. काही मुलं तर रस्त्यात भेटेल त्याच्या कडेवर हसत जातात आणि लोक कौतुक करतात, किती माणसाळलेली आहे! त्यात दुखरी खूण असते. आपलं माणूस आणि परकं माणूस यातला फरक ते मूल अजून शिकलेलंच नाही.

या विषयावरचा एक सखोल अभ्यास रुमानियाच्या मुलांवर झाला. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने 1966 मध्ये गर्भपातावर बंदी घातली, गरिबांच्या घरी नको असलेली मुलं झाली आणि अनाथालयं भरून गेली. 1989 च्या डिसेंबरमध्ये त्याची सत्ता कोसळली, तेव्हा जगाने ती अनाथालयं टीव्हीवर पाहिली. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या 165 मुलांचा मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीसहून जास्त वर्षं पाठपुरावा केला. त्यांतली बरीच मुलं आली तेव्हा हाडांचे सापळे होती. पोटभर अन्न आणि मायेची माणसं मिळाल्यावर त्यांनी जी भरारी घेतली, ती पाहून संशोधकही चकित झाले. सहा महिन्यांच्या आत त्या अनाथालयांतून सुटलेली मुलं मोठेपणी बहुतेक बाबतींत ब्रिटनमध्ये जन्मून दत्तक गेलेल्या मुलांसारखीच निघाली. त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्या अनेकांना मात्र एकाग्रता, नाती, लोकांत मिसळणं यातल्या अडचणी मोठेपणीही राहिल्या. आणि तेवढाच काळ तिथे काढूनही काही मुलं धडधाकट वाढली, हेही त्याच अभ्यासात आहे. प्रेमाने पुष्कळ भरून येतं. सगळंच भरून येत नाही, आणि न भरलेलं राहिलं तर तो आईचा दोष नाही, हे दत्तक आईला कुणीतरी हात धरून सांगायला हवं.

भाषेबद्दल जे सापडलंय ते मला अजून थक्क करतं. तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्सला दत्तक गेलेल्या, आता मोठ्या झालेल्या कोरियन माणसांना 2003 च्या एका अभ्यासात कोरियन वाक्यं ऐकवली. त्यांना ती ओळखता आली नाहीत. मेंदूच्या चित्रणातही कोरियन आणि कधीच न ऐकलेल्या इतर भाषा सारख्याच दिसल्या. बोलती मुलं गेली होती आणि भाषा पुसली गेली होती. मग 2014 मध्ये माँट्रिअलच्या संशोधकांनी चीनमधून तान्ह्या वयात दत्तक आलेल्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींना चिनी भाषेतले सूर ऐकवले. एकही शब्द कळत नसताना त्यांच्या मेंदूने ते सूर चिनी बोलणाऱ्यांच्या मेंदूसारखे झेलले. नेदरलँड्समधल्या कोरियन दत्तकांनी तर, 2017 च्या अभ्यासात, कोरियन उच्चार इतर डच माणसांपेक्षा लवकर शिकून दाखवले. त्यांत पाच-सहा महिन्यांचे होण्याआधीच देश सोडलेलेही होते. ज्या बाळाला अजून एक शब्द बोलता येत नव्हता, त्याने आईच्या बोलण्यातलं काहीतरी जपून ठेवलं होतं, तीस वर्षं, स्वतःच्या नकळत.

म्हणून फाइलीतली ‘वरणभात आवडतो’ ही ओळ मी मोलाची म्हणतो. दत्तक आईने वरणभात करायला शिकावं. मऊ भात, वर पातळ वरण, तुपाची धार, हाताने कालवलेला. पहिल्या वेळी वरण जमणार नाही, हिंग विसरेल. पण तो वास घरात पसरला की मुलीला कळतं, या घरात माझ्या आधीच्या घराचं नाव काढायला बंदी नाही. पुढे ती दहा वर्षांची होते आणि विचारते, मला का सोडलं? त्या प्रश्नाला खरं उत्तर कुणाजवळच नसतं. तेव्हा ‘आम्ही तुला निवडलं’ हे ठेवणीतलं उत्तर पुरत नाही, कारण निवडण्याआधी कुणीतरी सोडलेलं असतं, हे तिला बरोबर कळतं. शेजारी बसावं, माहीत आहे तेवढं सांगावं, आणि त्या न पाहिलेल्या बाईविषयी वाकडा शब्द काढू नये. आपल्या नियमांनुसार अठरा वर्षांनंतर दत्तक मुलाला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण जन्मदात्रीने आपली ओळख उघड करायला नकार दिला तर तिचा शब्द राखला जातो. दोन माणसांच्या दोन दुःखांमधून काढलेली ती वाट आहे.

सरू ब्रायर्ली हे नाव ‘लायन’ या चित्रपटामुळे जगाला कळलं. त्याची गोष्ट आपल्या खानदेशच्या शेजारची आहे. 1986 मध्ये पाच वर्षांचा हा मुलगा मोठ्या भावाबरोबर, गुड्डूबरोबर, बऱ्हाणपूर स्टेशनावर आला. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाड्या जिथे थांबतात तेच बऱ्हाणपूर. भाऊ परत येईपर्यंत तो रिकाम्या डब्यात चढून झोपला आणि जाग आली तेव्हा गाडी धावत होती. उतरला तो हावड्याला. घर कुठे, असं विचारलं की तो ‘गिनेस्टले’ म्हणायचा. असं गाव कोलकात्यात कुणालाच माहीत नव्हतं. 1987 मध्ये तो ऑस्ट्रेलियात टास्मानियाला, सू आणि जॉन ब्रायर्ली यांच्या घरी दत्तक गेला. नव्या आईने त्याच्या खोलीच्या भिंतीवर भारताचा नकाशा लावला. ती माउली मला फार शहाणी वाटते. मुलाला आपलंसं करायचं म्हणून तिने त्याचं आधीचं घर त्याच्या डोळ्यांआड केलं नाही. रोज झोपताना समोर तो नकाशा, आणि त्यात कुठेतरी, नाव न सापडणारं, आपलं स्टेशन.

मोठेपणी त्याने संगणकावर उपग्रहांच्या चित्रांत रेल्वेचे रूळ धरून शोध घेतला. हावड्याहून निघायचं आणि रुळावरून मागे मागे जायचं. रात्रीमागून रात्री. 2011 मध्ये त्याला एका स्टेशनाजवळची पाण्याची टाकी दिसली. लहानपणी पाहिलेली तीच. तिथून पुढे रुळाने गेल्यावर खंडवा. ‘गिनेस्टले’ म्हणजे खंडव्यातली गणेश तलाई वस्ती. पाच वर्षांच्या जिभेला तेवढंच जमलं होतं.

2012 मध्ये तो तिथे जाऊन उभा राहिला. घराला कुलूप होतं. हिंदी तो विसरला होता, म्हणून जमलेल्या लोकांसमोर त्याने आठवत होती तेवढी नावं उच्चारली. आईचं. मग भावंडांची. गुड्डू. कल्लू. शकीला. एका माणसाने त्याला थांबायला सांगितलं आणि थोड्या वेळाने जवळच, हाकेच्या अंतरावर नेलं. मुलगा परत येईल म्हणून आई ती वस्ती सोडून गेलीच नव्हती. दुभाष्याच्या मदतीने दोघं बोलली, आणि तेव्हा त्याला कळलं, की गुड्डूचा त्याच रात्री रुळावर जीव गेला होता. आणखी एक गोष्ट त्याला तिथे कळली. लहानपणी तो स्वतःचं नावही नीट उच्चारू शकला नव्हता. फाइलीत, पासपोर्टवर, शाळेच्या दाखल्यावर पंचवीस वर्षं तेच चुकीचं नाव चाललं होतं. आई त्याला शेरू म्हणत होती.